लोहमार्गाचा कर्बहिशेब

प्रास्ताविक

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास निघालेली गाडी वाफेच्या इंजिनांनी ओढली, आणि मराठी माणसाने तिला नाव दिले ते तिच्या पोटातील आगीवरून. आगगाडी हा शब्द आजही प्रचारात आहे. आग मात्र इंजिनातून नाहीशी झाली आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनस स्थानकाहून कुर्ल्यापर्यंत विजेची पहिली गाडी धावली. त्यानंतरच्या शंभर वर्षांत, म्हणजे २०२५ पर्यंत, भारतातील ९८ टक्क्यांहून अधिक रुंदमापी लोहमार्गांवर विजेच्या तारा उभारल्या गेल्या. २०३० पर्यंत आपले निव्वळ कर्ब-उत्सर्जन शून्यावर आणावयाचे, असे उद्दिष्ट भारतीय रेल्वेने २०२० मध्ये जाहीर केले.

एवढ्या मोठ्या सार्वजनिक संस्थेने असा संकल्प केला म्हणजे तिला साहाय्य करणाऱ्या अभियंत्यांपुढे, रसायनशास्त्रज्ञांपुढे आणि हिशेबनिसांपुढे एक प्रश्न उभा राहतो. इंजिनातील धूर गेला, पण तो नाहीसा झाला की दूर कोठे गेला? आणि जो धूर इंजिनातून कधी निघालाच नव्हता, म्हणजे रूळ ओतताना, सिमेंट भाजताना, पूल बांधताना जो निघाला, त्याची नोंद कोणाच्या वहीत करावयाची? या पाठात लोहमार्गाच्या उदाहरणावरून या हिशेबाची रीत समजावून दिली आहे. रस्ते, धरणे, पाणीपुरवठा, शाळा-रुग्णालयांच्या इमारती या सर्वांस तीच रीत लागू पडते.

१. कर्बवायू आणि त्याचे मोजमाप

कोळसा, डिझेल, लाकूड यांमध्ये कार्बन हे मूलद्रव्य असते. ते जळताना हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावते आणि कार्बन डाय-ऑक्साइड, म्हणजेच कर्बवायू, निर्माण होतो. कार्बनचे १२ भाग ऑक्सिजनच्या ३२ भागांशी मिळून कर्बवायूचे ४४ भाग होतात. यामुळे जळणाऱ्या पदार्थापेक्षा निघणारा वायू वजनाने अधिक भरतो. एक लिटर डिझेलचे वजन एक किलोग्रॅमही भरत नाही. परंतु ते जळाल्यावर सुमारे २.६८ किलोग्रॅम कर्बवायू निघतो. वाढलेले वजन हवेतून घेतलेल्या ऑक्सिजनचे होय.

हा वायू विषारी नव्हे. वनस्पतींचे ते अन्नच आहे. पण पृथ्वीच्या पृष्ठभागावरून बाहेर पडणारी उष्णता तो अडवतो. कारखानदारीचे युग सुरू होण्यापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत त्याचे सुमारे २८० भाग होते. हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये नियमित मोजमाप सुरू केले तेव्हा ते सुमारे ३१५ होते. आता ते ४२० च्या वर गेले आहे. हवेत मिसळलेल्या कर्बवायूचा काही भाग शतकानुशतके तेथेच राहतो. पुढील विवेचनात ही गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे, कारण आज सोडलेला वायू उद्याच्या सुधारणेने परत घेता येत नाही.

२. धूर गेला कोठे?

डिझेलचे इंजिन आणि विजेचे इंजिन यांची तुलना एका ढोबळ उदाहरणाने करता येईल. एक लिटर डिझेलमधील शक्तीपैकी बराच भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो आणि चाकांपर्यंत सुमारे ३ युनिट एवढी शक्ती पोचते. तीच ३ युनिट शक्ती विजेच्या इंजिनाने चाकांना द्यावयाची, तर वाहक तारांतील, उपकेंद्रांतील आणि इंजिनातील घट धरून वीजकेंद्रात सुमारे ३.८५ युनिट वीज निर्माण करावी लागते. भारतात आजही बहुतांश वीज कोळशापासून तयार होते आणि सर्व वीजकेंद्रांची सरासरी काढली तर एका युनिटमागे सुमारे ०.७ किलोग्रॅम कर्बवायू निघतो. ३.८५ ला ०.७ ने गुणले असता सुमारे २.७ किलोग्रॅम येतात. डिझेलचा आकडा होता २.६८. म्हणजे दोन्ही पारडी जवळजवळ समतोल!

हा निष्कर्ष प्रथमदर्शनी निराशाजनक वाटेल. मग एवढा खर्च करून तारा कशासाठी उभारल्या, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, डिझेल जाळून त्यातून निघणारा कर्बवायू कमी करण्यास रसायनशास्त्रात फारशी सवलत नाही; वीज मात्र कशापासूनही निर्माण करता येते. तार एकदा उभारली की तिच्या दुसऱ्या टोकाला कोळशाऐवजी सूर्य, वारा किंवा नदी जोडणे शक्य होते, आणि तसे होताच त्या तारेखालची जुनी-नवी सर्व इंजिने एकाच दिवशी स्वच्छ होतात. विद्युतीकरण म्हणजे स्वच्छतेचे दार उघडणे होय. दारातून आत जाण्याचे काम वेगळे करावे लागते.

या दुसऱ्या कामाची उदाहरणे देशात आहेत. मध्य प्रदेशातील बीना येथे रेल्वेने १.७ मेगावॉटचे सौर वीजकेंद्र उभारले आणि त्याची वीज थेट गाड्यांच्या तारेत सोडली. रीवा येथील ७५० मेगावॉटच्या सौर वीजकेंद्रातून २०१९ पासून दिल्ली मेट्रोस वीज मिळू लागली. हॉलंडमध्ये १ जानेवारी २०१७ पासून विजेवर चालणाऱ्या राष्ट्रीय प्रवासी गाड्यांना लागेल तेवढी सर्व वीज पवनचक्क्यांकडून विकत घेण्यात येऊ लागली.

३. व्होल्टच्या निवडीचा धडा

मुंबईतील १९२५ ची गाडी १,५०० व्होल्ट दाबाच्या एकदिश प्रवाहावर चालत असे. १९५७ मध्ये भारतीय रेल्वेने पुढील विद्युतीकरणासाठी २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह निवडला. फ्रान्समध्ये ही पद्धत नुकतीच यशस्वी ठरली होती. या एका निर्णयाने साहित्य आणि वीज या दोहोंची किती बचत झाली, हे पाहण्यासारखे आहे.

३,००० किलोवॉट शक्ती घेणारी गाडी घेतली, तर १,५०० व्होल्टवर तिला २,००० अँपिअर प्रवाह लागतो. २५,००० व्होल्टवर केवळ १२० अँपिअर पुरतो. तार तापून वाया जाणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे प्रवाह सुमारे सतरापट घटला, तर तेवढ्याच जाडीच्या तारेतील घट सुमारे २७८ पट कमी होईल. प्रत्यक्षात अभियंते या लाभाचा काही भाग तार बारीक करण्यासाठी वापरतात. त्यामुळे तांबे कमी लागते, तारेचा भार पेलणारे खांब हलके होतात, आणि काही थोड्या किलोमीटरांवर जी उपकेंद्रे बांधावी लागत ती ४०-५० किलोमीटरांवर बांधली तरी चालतात. न बांधलेल्या उपकेंद्राला सिमेंट लागत नाही, लोखंड लागत नाही, आणि त्याची डागडुजीही करावी लागत नाही.

उलट बाजूही ध्यानात घ्यावी. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर जुनी पद्धत आधीच बसलेली होती. ती बदलण्याचे काम टप्प्याटप्प्याने करावे लागले आणि २०१६ मध्ये पूर्ण झाले. एकदा बांधलेली गोष्ट पिढ्यान्पिढ्या आपला हट्ट चालवते, असा याचा अर्थ आहे. कर्बभाराचा सर्वांत मोठा निर्णय कामगाराच्या फावड्याने होत नाही. तो त्यापूर्वी कित्येक वर्षे नकाशावर होऊन गेलेला असतो.

४. थांबण्यातून मिळणारी वीज

वेगात असलेली गाडी थांबवावयाची म्हणजे तिच्यातील गतिज शक्ती कोठेतरी घालवावी लागते. ३०० टन वजनाची गाडी ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदास २० मीटर वेगाने जात असेल, तर तिच्यातील गतिज शक्ती ६ कोटी ज्यूल, अर्थात सुमारे १६.७ युनिट भरते. साध्या ब्रेकमध्ये ही सर्व शक्ती घर्षणाने उष्णता होऊन जाते. प्रत्येक स्थानकावर थांबणाऱ्या गाडीच्या बाबतीत हे दिवसातून शेकडो वेळा घडते.

परंतु विजेची मोटर उलट वापरली की तीच जनित्र बनते. चाके मोटर फिरवतात, मोटर वीज निर्माण करते, आणि ती तारेतून जवळच्या दुसऱ्या गाडीस मिळते. यास पुनर्जनन ब्रेक म्हणतात. २००२ मध्ये सुरू झालेल्या दिल्ली मेट्रोने ही पद्धत प्रथमपासून अवलंबिली. तिच्या गाड्या घेतलेल्या विजेपैकी सुमारे ३० टक्के वीज अशा रीतीने परत करतात. २००७ मध्ये क्योटो करारान्वये संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेने या कामाची नोंद घेतली. अशी नोंद झालेला हा जगातील पहिलाच रेल्वे प्रकल्प होता.

५. एका किलोमीटरचा हिशेब

येथवर गाडी चालवण्याचा विचार झाला. आता गाडी ज्यावर चालते त्या मार्गाकडे वळावयास हवे. नव्या एकेरी मार्गाचा केवळ एक किलोमीटर घेऊन त्यातील दोनच वस्तूंचा, रुळांचा आणि स्लीपरांचा, हिशेब मांडू.

मुख्य मार्गावरील आधुनिक रूळ दर मीटरला ६० किलोग्रॅम वजनाचा असतो. दोन रूळ आणि १,००० मीटर धरले तर १२० टन पोलाद लागते. झोतभट्टीत लोहखनिजापासून पोलाद करताना कोक जाळून खनिजातील ऑक्सिजन काढून घ्यावा लागतो. त्यात एका टन पोलादामागे दोन टनांहून अधिक कर्बवायू निघतो. तो २.२ टन धरल्यास १२० टन पोलादामागे २६४ टन कर्बवायू झाला.

एका किलोमीटरमध्ये सुमारे १,६६० काँक्रीटचे स्लीपर बसवतात. एकाचे वजन २७० किलोग्रॅम धरले, तर एकूण ४४८ टन काँक्रीट होते. त्यातील एक षष्ठांश सिमेंट मानल्यास ते सुमारे ७५ टन भरेल. स्लीपरसाठी वापरतात त्या सिमेंटमागे टनास सुमारे ०.८५ टन कर्बवायू धरला, तर ६४ टन होतो.

दोहोंची बेरीज ३२८ टन. १ लाख २२ हजार लिटर डिझेल जाळले असता एवढाच कर्बवायू निघतो. हा हिशेब ढोबळ आहे, आणि त्यात खडी, मातीचा भराव, पूल, बोगदे, खांब, स्थानके यांपैकी काहीच धरलेले नाही. डोंगराळ मुलखात तर पूल आणि बोगदे यांचा भार रूळ-स्लीपरांच्या कितीतरी पट होतो.

६. कर्बऋण आणि त्याची फेड

हे ३२८ टन म्हणजे त्या किलोमीटरने जन्मतःच घेतलेले कर्ज होय. त्यास कर्बऋण म्हणता येईल. पहिली गाडी धावण्यापूर्वीच ते हवेत जमा झालेले असते. आता ते फिटावयाचे कसे?

पोलादी रुळावर पोलादी चाक फारच थोड्या विरोधाने फिरते. म्हणून रस्त्यावरील मालमोटारीपेक्षा रेल्वेला एक टन माल नेण्यास पुष्कळ कमी शक्ती लागते. रस्त्यावरून रेल्वेवर आलेल्या प्रत्येक टन मालामागे दर किलोमीटरला ५० ग्रॅम कर्बवायू वाचतो, असे उदाहरणादाखल समजू. तर ३२८ टनांची फेड होण्यास त्या किलोमीटरवरून सुमारे ६५ लाख टन माल जावा लागेल. वर्षाला दोन-तीन कोटी टन माल वाहणाऱ्या गजबजलेल्या मार्गावर, तो माल मुळात रस्त्याने जाणारा असेल तर, हे ऋण काही महिन्यांत फिटेल. वर्षाला दोन लाख टनच माल वाहणाऱ्या मार्गाला मात्र सुमारे ३३ वर्षे लागतील.

रूळ तोच, स्लीपर तोच, ऋणही तेच. पण एका ठिकाणी ते काही महिन्यांत फिटते आणि दुसऱ्या ठिकाणी एक पिढी उलटते. या प्रश्नात खरा धोका येथे आहे. १९५०-५१ च्या सुमारास देशातील मालवाहतुकीपैकी चार पंचमांशाहून अधिक वाटा रेल्वेकडे होता. २०२० च्या सुमारास तो एक तृतीयांशाहूनही खाली आला होता. गेलेला माल परत आला, तर नव्या मार्गांचा कर्बखर्च सार्थकी लागेल. तो आला नाही, तर मार्ग कितीही चकचकीत असो, हवेच्या वहीत तो कर्जबाजारीच राहील. लहान गावाला जोडणाऱ्या शाखामार्गाचे मोल केवळ कर्बवायूत मोजू नये, हे खरे. शाळा, दवाखाना, बाजारपेठ यांचाही विचार समाजाने करावयाचा असतो. परंतु तो निर्णय ऋणाचा आकडा समोर ठेवून व्हावा.

७. चुनखडीच्या पोटातील वायू

सिमेंटचा प्रश्न पोलादापेक्षाही चिवट आहे. १८२४ मध्ये इंग्लंडच्या जोसेफ अ‍ॅस्पडिन यांनी पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले, तेव्हापासून त्याचे मुख्य द्रव्य चुनखडी हेच आहे. भट्टीत तापवताना १०० किलोग्रॅम शुद्ध चुनखडीपासून ५६ किलोग्रॅम चुना मिळतो आणि ४४ किलोग्रॅम कर्बवायू निघून जातो. हा वायू जळणातून येत नाही, तर दगडातूनच येतो. यास्तव भट्टी सौर विजेने तापवली तरी तो निघणारच. पुढे सुमारे १,४५० अंश सेल्सियस तापमानाला या चुन्याचे आणि मातीचे मिळून क्लिंकर नावाचे कठीण गोळे बनतात. ते दळले की सिमेंट होते. जगातील एकूण कर्बवायूपैकी सुमारे ७ ते ८ टक्के वायू या एका उद्योगातून निघतो.

उपाय असा की, सिमेंटमधील क्लिंकरचे प्रमाण घटवावे. औष्णिक वीजकेंद्रातील राख, किंवा पोलाद कारखान्यातील मळी, यांच्यात चुन्याशी संयोग पावून घट्ट होण्याचा गुण असतो. भारतीय मानकांप्रमाणे राखमिश्रित सिमेंटमध्ये ३५ टक्क्यांपर्यंत राख आणि मळीमिश्रित सिमेंटमध्ये ७० टक्क्यांपर्यंत मळी चालते. परंतु कोळशाची वीजकेंद्रे आणि झोतभट्ट्या भविष्यात कमी होतील तसतशी ही द्रव्येही दुर्मिळ होतील. म्हणून स्वित्झर्लंडमधील लोझान, क्यूबातील सांता क्लारा, आणि दिल्ली व मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था येथील शास्त्रज्ञांनी मिळून एक नवे मिश्रण सिद्ध केले. त्यात क्लिंकर निम्मेच असते. उरलेल्या भागात भाजलेली माती, न भाजलेली चुनखडीची भुकटी आणि थोडा जिप्सम असतो. माती भाजण्यास ७०० ते ८५० अंश तापमान पुरते. यामुळे कर्बवायू ३० ते ४० टक्क्यांपर्यंत घटू शकतो. भारतीय मानक संस्थेने २०२३ मध्ये या सिमेंटचे मानक प्रसिद्ध केले.

मग हे सिमेंट सर्वत्र का वापरू नये? येथे अभियंत्याचा विवेक लागतो. स्लीपर तयार करताना पोलादी तारा ताणून धरतात, भोवती काँक्रीट ओततात आणि ते घट्ट होताच ताण सोडतात. कारखान्यातला साचा लवकर मोकळा व्हावयास हवा, म्हणून स्लीपरसाठी झटपट बळकट होणारे खास सिमेंट ठरवून दिलेले आहे. राखेचे सिमेंट सावकाश बळकट होते. त्या कामी ते गैरसोयीचे ठरते. परंतु स्थानकाचा पाया, फलाट, पुलाचा खांब, संरक्षक भिंत यांवर पूर्ण भार येण्यास कित्येक आठवडे अवकाश असतो. तेथे एवढी घाई नसते. ज्या कामाला जेवढी घाई तेवढेच घाईचे सिमेंट, हा नियम पाळला तरी पुष्कळ कर्बवायू वाचतो.

आणखी एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. काँक्रीटपूर्वी स्लीपर लाकडाचे असत आणि त्यांसाठी देवदार व साल यांची जंगले तोडली गेली. काँक्रीटच्या स्लीपरने ती तोड थांबवली, आणि तो लाकडापेक्षा पुष्कळ अधिक टिकतो. काँक्रीट हा शत्रू नव्हे. त्याची उधळपट्टी हा शत्रू होय.

८. चार प्रश्नांचा क्रम

सार्वजनिक संस्थेस साहाय्य करणाऱ्या तज्ज्ञाने प्रत्येक कामापूर्वी पुढील चार प्रश्न याच क्रमाने विचारावेत.

पहिला : हे बांधलेच पाहिजे काय? स्वयंचलित सिग्नल बसवले असता त्याच रुळांवरून अधिक गाड्या सोडता येतात. कधीकधी त्यामुळे नव्या मार्गाची निकड काही वर्षे पुढे ढकलता येते.

दुसरा : कमी बांधून भागेल काय? मालवाहतुकीच्या पश्चिम समर्पित मार्गावर तारा सुमारे साडेसात मीटर उंचीवर नेल्या आहेत. त्यामुळे एकावर एक असे दोन कंटेनर ठेवलेल्या, दीड किलोमीटर लांबीच्या गाड्या विजेच्या इंजिनाने ओढता येतात. २०२१ च्या जानेवारीत अशी वाहतूक सुरू झाली. जवळजवळ तेवढ्याच रुळांवरून कितीतरी अधिक माल जातो.

तिसरा : असलेले पुन्हा वापरता येईल काय? मुख्य मार्गावरून काढलेला रूळ कमी वर्दळीच्या मार्गावर किंवा यार्डात पुन्हा घालता येतो. तेथूनही निवृत्त झाला की विजेच्या भट्टीत वितळवून त्याचे नवे पोलाद होते, आणि त्यास खनिजापासून केलेल्या पोलादापेक्षा पुष्कळ कमी कर्बवायू लागतो.

चौथा : जे बांधावयाचेच आहे ते कमी कर्बाच्या साहित्याने बांधता येईल काय? सिमेंटचा प्रकार, पोलादाची भट्टी, खडी आणण्याचे अंतर हे सर्व येथे येते.

व्यवहारात बहुधा चौथ्या प्रश्नापासूनच सुरुवात केली जाते, कारण तो विचारण्यास सर्वांत सोपा असतो. परंतु सर्वाधिक बचत पहिल्या दोन प्रश्नांत असते. ब्रिटिश अर्थखात्याने २०१३ मध्ये सार्वजनिक बांधकामांच्या कर्बभाराचा आढावा घेतला, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसून आली. कर्बवायू घटवला की खर्चही घटतो. कारण दोन्ही मुख्यतः साहित्याच्या वजनाशी बांधलेले असतात.

९. निविदेचे सामर्थ्य

संस्था स्वतः सिमेंट भाजत नाही, पोलादही ओतत नाही. ती विकत घेते. म्हणून तिच्या हाती असलेले सर्वांत मोठे हत्यार म्हणजे निविदा. हॉलंडमध्ये लोहमार्ग सांभाळणाऱ्या ‘प्रोरेल’ या संस्थेने २००९ मध्ये एक पाच पायऱ्यांची शिडी तयार केली. जो कंत्राटदार आपला कर्बवायू मोजतो, घटवण्याचे उद्दिष्ट ठरवतो आणि प्रगती जाहीर करतो, तो वरची पायरी गाठतो. निविदांची तुलना करताना पायरीप्रमाणे त्याची किंमत तेवढी कमी मानली जाते. काम मिळाल्यावर मात्र त्यास स्वतः मागितलेलीच रक्कम दिली जाते. ज्याने धूर कमी केला त्याला काम मिळण्याची शक्यता वाढली. २०११ मध्ये ही शिडी एका स्वतंत्र प्रतिष्ठानाकडे सोपवण्यात आली आणि पुढे इतर सरकारी खातीही तिचा उपयोग करू लागली.

निविदेतील शब्दांकडेही लक्ष पुरवावे लागते. ‘अमुक प्रकारचे सिमेंट घनमीटरला अमुक किलोग्रॅम घालावे’ असे लिहिले की नव्या मिश्रणाला दार बंद होते. ‘अमुक दिवसांत अमुक बळकटी आणि अमुक वर्षांचा टिकाऊपणा मिळावा’ असे लिहिले की सुरक्षितता तीच राहते, आणि ती कमी कर्बात साधण्याची स्पर्धा सुरू होते.

१०. हिशेबातील पळवाटा

प्रत्येक हिशेबाप्रमाणे यातही पळवाटा असतात. वर्षभरात वापरली तेवढी सौर वीज विकत घेतली, असे म्हटल्याने रात्रीची गाडी सूर्यावर चालत नाही; त्या वेळी तारेत कोळशाचीच वीज असू शकते. दुसरी पळवाट सीमेची. केवळ इंजिनाचा हिशेब मांडावा आणि रूळ ‘पोलाद कारखान्याचा’, पूल ‘कंत्राटदाराचा’ म्हणून सोडून द्यावा, म्हणजे वही स्वच्छ दिसते. हवा तशी होत नाही. तिसरी पळवाट झाडांची. लावलेले रोप कर्बवायू शोषते खरे, परंतु ते जगून वाढेल तेव्हा; भट्टीतून निघालेला वायू मात्र आजच हवेत गेलेला असतो.

उपसंहार

गाडी चालवताना निघणारा कर्बवायू आणि मार्ग बांधताना निघणारा कर्बवायू यांत एक मूलभूत भेद आहे. पहिला दरवर्षी थोडाथोडा निघतो आणि वीज स्वच्छ होईल तसा कमी होत जातो. दुसरा एकदम निघतो, आरंभीच निघतो आणि मागाहून दुरुस्त करता येत नाही. म्हणून पहिल्यात जसजसे यश येईल, तसतसे दुसऱ्याचे महत्त्व वाढत जाईल. उद्याच्या रेल्वेचा कर्बभार इंजिनाच्या चालकापेक्षा आराखडा काढणाऱ्याच्या पेन्सिलीवर अधिक अवलंबून राहील. रेषा ओढण्यापूर्वी हिशेब मांडणे, हेच त्याला करता येण्यासारखे सर्वांत मोठे साहाय्य होय.

अभ्यासासाठी प्रश्न

१. एक लिटर डिझेलपासून त्याच्या वजनाहून अधिक कर्बवायू कसा निघतो?

२. वीजकेंद्रांची सरासरी एका युनिटमागे ०.७ वरून ०.३५ किलोग्रॅमवर आली, तर विभाग २ मधील तुलनेचा निष्कर्ष कसा बदलेल?

३. ३०० टनांची गाडी ताशी ७२ ऐवजी ३६ किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्यातील गतिज शक्ती किती युनिट भरेल?

४. नव्या रुळांपैकी निम्मे रूळ दुसऱ्या मार्गावरून काढलेले वापरले, आणि त्यांचा कर्बवायू शून्य मानला, तर एका किलोमीटरचे कर्बऋण किती टन राहील?

५. आपल्या गावातील पूल, पाण्याची टाकी किंवा शाळेची इमारत यांपैकी एक बांधकाम निवडा. विभाग ८ मधील चार प्रश्न त्यास लावून उत्तरे लिहा.